पिल्लांची बाळंतखोली

पिंगळीच्या अलीकडं रेल्वेचे रूळ ओलांडून गाडीवाट काळ्या रानात उतरते, तिथल्या एका लहान गावात सारजाबाई नावाची सुईण राहत होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. पाटलाचा मिशाळ पोरगा समोरून आला, तरी तिला आधी त्याची नाळ आठवायची आणि मग नाव. तिच्या शब्दाबाहेर कुणाची बाळंतीण उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकत नसे.

आणि त्या पुसाच्या महिन्यात तिच्याच घरात तिचं हसं व्हायची वेळ आली होती. सून गोजरा पोटुशी होती. माघात दिवस भरणार होते आणि तिनं बाळंतपणाला माहेरी, बोरीला, जायचं ठरवलं होतं.

"पहिल्या टायमाला दुधनेला पूर होता, मनून जाता आलं न्हाई," गोजरा म्हणाली होती. "ते ऱ्हायलेलं माहेरपण आता करून घेते, आत्या."

कारण खोटं नव्हतं. थोरल्या लेकीच्या, कौसाच्या, वेळी खरंच नदी दुथडी भरून वाहत होती. पण गावाला हे कारण पुरेना. विहिरीवर बाया पदराआड हसत. शेजारची दगडाबाई तर तोंडावरच म्हणाली, "सारजाबाई, दुसरं बाळंतपण सासरी असतंय. त्यातून घरात सुईण. मग सून बोरीला कामून जायली?"

सारजाबाईनं घागर उचलली. सुनेला विचारावं, तर सून खाली मान घालून सुपातली ज्वारी निवडत बसायची. सारजाबाईचा नवरा व्यंकटी ओट्यावर ताग वळत असायचा, मुलगा सुग्रीव रानात. विचारणार कुणाला? 'मपल्या हाताला काय झालं? काय कमी पडलं?' हा एकच प्रश्न ती चुलीपाशी, गोठ्यात, जात्यावर मनात फिरवत राही.

अशात कोंबडीचं लचांड आलं.

सुग्रीवानं परभणीच्या ब्लॉकातून, सरकारी विकास कचेरीतून, पांढऱ्या कोंबड्यांची अंडी आणली होती. तिथं म्हणे चांगल्या जातीची अंडी उबवायला देत होते. टरफल चुन्यासारखं पांढरंफेक. व्यंकटीनं एक अंडं उन्हाकडं धरून बघितलं आणि म्हणाला, "परभणी मुंबई राज्यात गेली, तसं अंडं बी धुतल्यावानी झालं." गोजराची तांबडी कोंबडी खुडूक होऊन बसलीच होती. तिच्याखाली अंडी ठेवली. तांबडीनं जात-गोत न बघता ती उबवली आणि एका गार सकाळी पिवळी पिल्लं टरफलं फोडून बाहेर आली.

त्याच दुपारी तांबडी दाणे टिपायला म्हणून कडब्याच्या गंजीकडं गेली आणि मुंगसानं तिला धरली. सुग्रीव काठी घेऊन धावेपर्यंत गंजीपाशी तांबड्या पिसांचा एक पुंजका उरला होता. डालग्यात, कोंबड्यांच्या टोपलीत, पिल्लं ओरडत होती. अशी की, दोन घरं पलीकडं ऐकू जावं.

थंडी त्या वर्षी वाईट होती. सकाळी गोठ्यातल्या बैलांच्या पाठीवर दव बसायचं आणि ज्वारीच्या ताटांवरून येणारा वारा कान कापून न्यायचा.

"आता कशी जगायची ही?" गोजरानं ओंजळीत एक पिल्लू घेतलं. ते थरथरत होतं.

"जगायची कशी म्हंजी? मी हितं कशाला बसले?" सारजाबाईनं पदर खोचला. कोंबड्यांची तिला आवड नव्हती. त्यांनी अंगण घाण केलं की ती झाडू फेकून मारी. पण आता जन्मून दिवस न झालेला जीव आणि आई गेलेली! हे तिचं काम होतं. "लेकरू ते लेकरूच. आन ते डालगं बाळंतिणीच्या खोलीत."

माजघराच्या मागं एक अंधारी खोली होती. त्या घरातली सगळी बाळंतपणं तिथंच झालेली. तिला खिडकी नव्हती. माळवदाला उजेड-वाऱ्यासाठी एक भोक ठेवलेलं होतं, ज्याला सानं म्हणतात. पण खोलीत बाळंतीण असली, की सारजाबाई त्या सान्यावर फुटक्या डेऱ्याचं बूड पालथं घाली आणि कडेनं चिंध्या कोंबी. नव्या जिवाचा वैरी एकच, तो म्हणजे वारा. हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं आणि आईला आजीनं.

तिनं आजही तसंच केलं. डालग्याला आतून शेण सारवून घेतलं, खाली कोंडा पसरला. मधोमध एका गाडग्यात गोवरीचा इस्तू भरला, वर झाकणी ठेवली आणि गाडग्याला घोंगडीचा तुकडा गुंडाळला, म्हणजे पिल्लांना आईच्या पोटाखाली शिरल्यासारखं वाटावं. एवढं सगळं चांगलंच होतं. पण तिचं मन एवढ्यावर भरेना. तिनं डालग्याच्या दोन्ही बाजूंना शेगड्या ठेवल्या. ओवा आणि लसणाची टरफलं टाकून धुरी दिली. दारात लिंबाचा डहाळा खोचला. डालग्याखाली विळा सरकवला. दार लावून घेतलं.

व्यंकटीनं फटीतून डोकावलं. "पाचवी कव्हा पुजायची? सटवाईला सांगावा धाडावा लागंल. एवढ्या कपाळांवर लिहायचं मंजी तिला बी येळ लागंल."

"तुमी गप ताग वळा."

"कानाला फडकी बांधलीस का त्यांच्या?"

"कान कुठं हायेत त्यांला?" सारजाबाई म्हणाली आणि मग तिला स्वतःलाच प्रश्न पडला. तिनं एक पिल्लू उचलून डोळ्यांशी नेलं, पिसं फुंकरून बाजूला केली. डोळ्याच्या मागं एक बारीक भोक होतं. "हायेत की!" ती म्हणाली. आयुष्यभर कोंबड्या बघितल्या होत्या. कान आज दिसला.

दुसरी अडचण पोटाची. तिनं कापसाची वात करून दुधात बुडवली आणि पिल्लाच्या चोचीला लावली. लेकरू वात चोखतं. पिल्लानं मान झटकली आणि दूध तिच्या नाकावर उडालं. मग कण्या टाकल्या. पिल्लं कण्यांवर उभी राहून ओरडू लागली. पायाखाली जेवण आणि तोंडानं आकांत.

"त्यांला दाखवावं लागतंय," गोजरा दारातून म्हणाली. "तांबडी कशी टोचू टोचू दाखवायची."

सारजाबाईनं बोटाचं नख कण्यांवर टकटक वाजवलं. एका पिल्लाचा आवाज थांबला. त्यानं मान वाकडी करून नखाकडं बघितलं. पुन्हा टकटक. त्यानं चोच मारली, आधी नखाला, मग नखाजवळच्या कणीला. त्याच्या डोक्यावर काजळाचं बोट लावावं तसा काळा ठिपका होता. त्याचं बघून दुसरं आलं, मग तिसरं. थोड्या वेळात डालग्यात टकटक सुरू झाली, जशा पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात. सारजाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. एवढ्या जणांना तिनं जगात आणलं होतं, पण जन्मल्या दिवशी असं शिकणारं कुणी भेटलं नव्हतं.

सकाळी दार उघडलं, तेव्हा दोन पिल्लं शेगडीकडच्या बाजूला मान टाकून पडली होती.

"गारठली," सारजाबाई म्हणाली आणि तिनं शेगड्यांत आणखी गोवऱ्या घातल्या.

दुपारी पिल्लांची टकटक बंद पडली. ती पंख अंगापासून लांब धरून, चोची उघड्या टाकून उभी होती. गळ्याखालची कातडी भराभर हलत होती. संध्याकाळच्या आत आणखी एक गेलं. दगडाबाई येऊन बघून गेली. तिचं म्हणणं, नजर लागली. सारजाबाईनं मीठ-मोहऱ्या उतरवून शेगडीत टाकल्या. धूर वाढला. तिलाही खोकला आला. पण बाळंतिणीच्या खोलीत खोकला येतोच, त्याचं तिला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ध्यानात आलं ते वेगळंच. डालग्याला एका बाजूनं खिंडार होतं, त्यातून काळ्या ठिपक्याचं पिल्लू बाहेर पडलं आणि थेट दाराकडं चालत गेलं. दाराच्या खाली बोटभर फट होती. तिथं ते बसलं आणि फटीत चोच घालून राहिलं.

"आरं, वारं लागंल की लेका!" तिनं त्याला उचलून गाडग्यापाशी ठेवलं. ते पुन्हा गेलं. पुन्हा ठेवलं. तिसऱ्या वेळी त्याच्या मागं आणखी दोघं निघाली.

सारजाबाईनं खिंडारात चिंधी कोंबली. तेव्हा ती डालग्याच्या दाराकडच्या भिंतीला जाऊन चिकटली, सगळीच्या सगळी, एकमेकांच्या पाठीवर. गाडग्याजवळ एकही नाही. तिनं डालगं गोल फिरवलं. पिल्लं पडत-अडखळत परत दाराच्या बाजूला गेली. तिनं पुन्हा फिरवलं. परत तेच.

हे काय? तिकडं मांजर नाही, दाणे नाहीत, आई नाही. मग दाराशी काय आहे?

तिनं कंबरेवर हात ठेवला, गुडघे टेकले आणि आपला गाल जमिनीला, त्या फटीपाशी लावला. गालाला गार हवा लागली. धुराचा वास नसलेली, शेणानं सारवलेल्या ओल्या माजघराची. तिनं डोळे मिटून ती एकदा ओढून घेतली, आणि मग आणखी एकदा. वर खोलीत किती कोंडलं होतं, ते तिला खाली आडवं झाल्यावर कळलं.

दार ढकललं गेलं. गोजरा उभी होती. सासू जमिनीला गाल लावून पडलेली बघून ती घाबरली.

"आत्या, चक्कर आली का?"

"न्हाई गं. ही पिल्लं दाराकडं कामून पळायलीत, ते बघायले."

गोजरा आत आली. तिनं खिंडारातली चिंधी काढली. काळा ठिपका बाहेर येऊन तिच्या पायावरून उंबऱ्याकडं गेला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला बी दाराकडं यायचं होतं, आत्या. कौसाच्या टायमाला."

सारजाबाई उठून बसली.

कौसाच्या वेळची बाज तिला आठवली. ती बाज रोज सकाळी आदल्या संध्याकाळपेक्षा हातभर दाराजवळ दिसायची. सारजाबाई रोज ती ओढून शेगडीवर आणायची आणि म्हणायची, जमीन उताराची झाली, सारवताना भर घालायला पाहिजे. गोजराचे डोळे सुजून बोरासारखे झाले होते, खोकला पार शिमग्यापर्यंत राहिला होता. बाळंतिणीचा खोकला असतोच.

"तूच सरकवायचीस व्हय?"

"पायानं रेटायची. हळूहळू. तुमी जेवायला गेल्या की."

"मग सांगायचं न्हाई?"

"तुमाला?" गोजरा म्हणाली. त्यात ताठा नव्हता. नवलच होतं. तुम्हाला कुणी कधी सांगितलंय का, असं.

सारजाबाई भिंतीला धरून उभी राहिली. ती खोलीतून बाहेर आली, ओट्यावरून अंगणात गेली, शिडी भिंतीला लावली आणि वर चढू लागली.

"आता म्हातारी कुठं निघाली?" व्यंकटी हातातला ताग ठेवून उभा राहिला. "आगं, पडशील!"

"शिडी धरा. बोलू नका."

माळवदावर ऊन होतं. तिनं सान्याच्या कडेच्या चिंध्या उपसल्या आणि डेऱ्याचं बूड बाजूला केलं. आतून धूर वर आला, आधी भसकन आणि मग एखादं दावं वर ओढावं तसा सरळ. ती बाजूला बसून बघत राहिली. धूर संपला, तेव्हा तिनं सान्यातून खाली वाकून बघितलं. खोलीच्या जमिनीवर उन्हाचं एक परातीएवढं गोल पडलं होतं. पिल्लं डालग्याच्या खिंडारातून बाहेर येऊन त्या गोलाच्या कडेकडेनं फिरत होती. एकानं पंख पसरून उन्हात अंग टाकलं. तिला वाटलं मेलं. मग त्यानं उठून अंग झाडलं.

तिथून पुढचे दिवस सारजाबाईनं दुसरं काही केलं नाही. शेगड्या काढल्या. धुरी बंद. इस्तवाचं गाडगं मात्र ठेवलं, कारण थंडी खरीच होती. पण मधोमध नाही, खोलीच्या एका भिंतीशी. डालगंही त्याच्याजवळ आडवं टाकलं, तोंड मोकळं. आणि ती दाराशी पाट घेऊन बसली. कुठं बसायचं, ते पिल्लांवर सोडलं.

बसल्या बसल्या तिला पिल्लांची बोली कळू लागली. गाडगं निवलं की ती त्याला बिलगून एकावर एक ढीग करत आणि वरच्या पट्टीत ओरडत. खालचं पिल्लू चेंगरायची भीती असे. इस्तू जास्त झाला की ती भिंतीकडं, दाराकडं पांगत, तोंडं उघडी आणि आवाज बंद. आणि दोन्हीच्या मधे बेताची ऊब असली, म्हणजे रानात जुंधळा पेरावा तशी सगळीकडं विखुरलेली दिसत. एक इथं, एक तिथं, कुणी झोपलेलं, कुणी टिपत, आणि तोंडानं बारीक गोड किलबिल. ती राख कमी-जास्त करून बघे. राखेची ओंजळ घातली की ती जवळ येत, राख सारली की दूर जात.

"अवं, या बघा की," तिनं व्यंकटीला बोलावलं. "आपण इस्तू हलवायचा आन ती चालून सांगतेत. बरं, वाईट, उलीसं जास्त. समदं सांगतेत."

व्यंकटीनं बघितलं. "मंग आपली लेकरं कामून सांगत न्हाईत?"

"त्यांचे पाय कुठं चालतेत? ती रडतेत. आन रडलं की आपण म्हणतो, पोट दुखायलंय." हातातली राख तिनं बराच वेळ तशीच धरून ठेवली.

सुग्रीव रानातून येताना उधई, म्हणजे वाळवी, आणू लागला. बांधावर शेणानं भरलेलं गाडगं पालथं घालून ठेवायचं, सकाळी ते उधईनं भरलेलं असतं. ती झटकली की पिल्लं गाडग्यावर तुटून पडत. पाण्याच्या झाकणीत गोजरानं खडे टाकले, बुडू नयेत म्हणून. सगळीच काही जगली नाहीत. एक उंबऱ्यात शेळीच्या पायाखाली सापडलं, एकाला अंगणात आल्या आल्या घारीनं उचललं. पण उरलेल्यांना पांढरे पंख फुटले, आणि ती सारजाबाईच्या नखाच्या टकटकीवर घरभर तिच्या मागं धावू लागली. विहिरीवर बाया आता नव्या गोष्टीवर हसत होत्या.

बोरीला जायचं मात्र तसंच होतं. त्या दिवशी खोलीत झालेल्या बोलण्यानंतर दोघींनी तो विषय काढला नव्हता. माघ लागला आणि एका सकाळी गोजराचा भाऊ भुजंग छकडा घेऊन दारात आला. छकड्यात गवत पसरलेलं, वर वाकळ अंथरलेली.

दगडाबाई लगेच हजर झाली. "निघाली का सून?"

सारजाबाईनं भुजंगला पाय धुवायला पाणी दिलं. चहा केला. मग ती आत गेली. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज येऊ लागला. गोजरा गाठोडं बांधता बांधता थांबली आणि बघायला गेली.

खोली नव्यानं सारवली होती. सान्यातून ऊन आत पडलं होतं. इस्तवाचं गाडगं भिंतीशी होतं आणि शेगड्या कुठं दिसत नव्हत्या. सारजाबाईनं बाज आत आणून दारातच उभी केली होती, आणि ती तिला धरून दम खात होती. पांढरी पिल्लं बाजेच्या पायांतून ये-जा करत होती.

"जायचं तर जा," सारजाबाई म्हणाली. "मी आडवी येणार न्हाई. पण एक सांगून जा. मी इतक्या बाया बाळंत केल्या, पण कुणाला इचारलं न्हाई." तिनं बाज खाली टेकवली. "बाज कुठं ठिवायची?"

गोजरा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर भुजंगची बैलं माना हलवत होती, घुंगरं वाजत होती. तिनं खोलीभर नजर फिरवली. गाडगं. सानं. दार. मग ती आत आली, जड अंगानं वाकली आणि बाजेच्या एका पायाला हात घातला.

"तू नको ओढू," सारजाबाई घाईनं म्हणाली. "बोटानं दाखव."

गोजरानं बोट दाखवलं. सारजाबाईनं ओढली. "उलीसं अलीकडं." आणखी ओढली. "तितकं न्हाई. माघारी घ्या." सारजाबाईनं माघारी घेतली. बाज इस्तवापासून लांब, दारापासूनही जरा दूर, उन्हाच्या गोलाच्या कडेला येऊन थांबली. गोजरा तिच्यावर बसली. एक हात तिनं गाडग्याच्या दिशेनं धरून बघितला, मग दुसरा दाराकडं. पिल्लं बाजेखाली पांगून टिपत होती.

बाहेरून भुजंगनं हाक मारली, "गोजरे, ऊन वर आलं. निघायचं न्हाई का? दुधनेच्या अलीकडं दुपार व्हईल."

सारजाबाई सुनेकडं बघत नव्हती. ती खाली बसून नखानं जमिनीवर उगीचच टकटक करत होती. तिथं कणी नव्हती, तरी काळा ठिपका धावत आला.

"दादा," गोजरानं बसल्या जागेवरून आवाज दिला, "बैलं सोड. कडबा गंजीला हाय."